खापरखेड्यात घट्ट केलेली बोट

कोकणात जाऊन आलेल्या माणसानं माडाचं, लाल मातीचं आणि संथ खाड्यांचं कौतुक करावं अशी वाचकांची अपेक्षा असते. ज्यांना ते हवं असेल त्यांनी हा लेख बाजूला ठेवावा. मी कोकणात एक बोट घेऊन गेलो आणि हत्यारांची पेटी घेऊन परत आलो. त्याला बरीच वर्षं झाली. इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहायचं तर खरं लिहावं लागलं असतं आणि तेवढी हिंमत माझ्यात नव्हती.

नागपूरहून बोट घेऊन गेलो म्हटलं की लोक हसतात. हसू द्या. तेव्हाही हसलेच होते.

खापरखेडा

मी खापरखेड्याच्या वीज केंद्रात फिटर होतो. वाफेच्या नळ्या, व्हॉल्व्ह, पंप हे माझं काम. आमच्याकडे माणसाची पारख एकाच गोष्टीवरून व्हायची, त्यानं बांधलेला सांधा गळतो की नाही. ज्याचा गळला त्याला कँटीनमध्ये चहा पिणं मुश्कील. समोर बसलेला मुद्दाम बशी कलती करायचा आणि म्हणायचा, “पाहा, याचा सांधा!” मला, म्हणजे पुंडलिक फिटरला, असं कोणी कधी म्हणू शकलं नाही. बावीस वर्षांत एकदाही नाही. याचा मला गर्व होता आणि तो मी लपवत नसे.

वसंतराव आमच्याच गावचे, सावनेरकडचे. माझ्याहून बारा वर्षांनी मोठे. तरुणपणी ते व्यापारी जहाजांवर बिनतारी यंत्र चालवायचे. पुढे वडील गेले म्हणून परत आले, धरमपेठेत घर केलं आणि एका कचेरीत चिकटले. पण समुद्र त्यांच्या डोक्यातून गेला नाही. मोठ्या लोखंडी जहाजाच्या पोटात बसून त्यांनी आफ्रिकेच्या खेपा केल्या होत्या. आता तीच वाट स्वतःच्या शिडाच्या बोटीनं जायचं, मोंबासा गाठायचं, एवढी एकच इच्छा त्यांनी वीस वर्षं जपली होती. निवृत्तीपर्यंत ती आणखी चार वर्षं जपली असती, पण डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे हळूहळू जाणार. सूर्याची उंची मोजून समुद्रात आपली जागा काढायची असते, त्याला डोळे लागतात. येत्या हिवाळ्यात, म्हणजे ईशान्येकडून वारा वाहतो त्या मोसमात, गेले तर गेले. नाहीतर कधीच नाही.

“लाकडाचं नि लोखंडाचं तू पाह्य,” ते मला म्हणाले. “दर्याचं मी पाहतो. येतोस का?”

मी तोवर समुद्र पाहिला नव्हता. तरी हो म्हटलं.

बोट मिळाली जयगडच्या खाडीकाठी एका लहान गावात. सव्वीस फुटांची, एका शिडकाठीची, कोण्या साहेबानं हौसेसाठी मुंबईत बांधून घेतलेली जुनी यॉट. तिची राखण महादेव मेस्त्री करायचे. साठीचे, कमरेला पंचा, अंगात नुसता गंजिफ्रॉक, बोलणं मोजकं. वसंतराव कागदपत्रांसाठी बंदराच्या कचेरीत गेले होते तेव्हा मेस्त्रींनी मला बोटीखाली वाकायला लावलं आणि दोन फळ्यांमधल्या रेघेत नख घातलं.

“ही तुमी वर नेताय. तिकडे ती सुकंल, फटी पडतील. त्या बुजवू नका. सामान काय ते बसवा, मजबुती करा, पण फटींना हात लावू नका. इथं आणा, मी कापूस भरीन. पाण्यात पडली की लाकूड फुगतं नि फट आपली आपण मिटते. पयल्या दिवशी पाणी घेईल. घेऊ द्यायचं.”

मी मान डोलावली. मनात म्हटलं, पंचा नेसलेला माणूस मला सांधा शिकवतो. पाणी घेऊ द्यायचं म्हणे!

मग ती बोट नागपूरला का आणली? आठ महिन्यांचं काम होतं. आठ महिने रजा ना त्यांना मिळणार होती ना मला. खापरखेड्यात माझी हत्यारं होती, ड्युटी संपली की हात लावणारे दहा दोस्त होते. कॉलनीच्या मागे एका ओळखीच्या माणसाची पत्र्याची शेड रिकामी होती. फेब्रुवारीत ट्रकवरून बोट आली आणि अख्खी कॉलनी ती बघायला लोटली. एकानं विचारलं, “कन्हान नदीत चालवता का?”

किनाऱ्याजवळ हिंडण्यासाठी बांधलेली बोट मोठ्या समुद्रात न्यायची म्हणजे तिला पुन्हा जन्म द्यावा लागतो. तिच्या खिडक्या मोठ्या, दार पातळ, मागची बसायची जागा ऐसपैस. वसंतरावांनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं.

“बोट उलटी होणारच आहे असं समजून बांध. नाही झाली तर आपलं नशीब.”

मी तसंच बांधलं. खिडक्यांवर जाड झाकणं बोल्टांनी बसवली. बसायचा खळगा लहान केला, म्हणजे लाट आत आली तर कमी पाणी भरेल, आणि ते ओसरायला दोन जाड नळ्या काढल्या. दाराच्या जागी वरून सरकवायच्या फळ्या केल्या, आतूनही कडी, बाहेरूनही कडी. शिडकाठी धरणाऱ्या तारा दुप्पट केल्या आणि त्या जिथे बोटीला अडकतात तिथे स्टेनलेसच्या जाड पट्ट्या आरपार बोल्ट घालून आवळल्या. खाली शिशाचं वजन धरणारे सात बोल्ट होते. एकेक उपसून पाहिला, तर दोन गंजून शिसपेन्सिलीएवढे उरलेले. सातही नवे घातले. हे सगळं काम चांगलं झालं होतं, आजही मी तसंच म्हणेन.

एका रविवारी दहाजणांना बोलावून बोट तिच्या लाकडी घोडीवर गदागदा हलवायला लावली. वसंतराव आत बिछान्यात पट्टे बांधून पडलेले, उलट्या समुद्राची तालीम म्हणून. कपाटाची कडी सुटली आणि लोणच्याची बरणी थेट त्यांच्या पोटावर. तेलानं माखलेले बाहेर आले आणि म्हणाले, “कडी बदल गा. बाकी सारं बराबर आहे.” त्या दिवशी आम्ही जितके हसलो तितका मी नंतर हसलेलो नाही.

सुमनवहिनी, म्हणजे वसंतरावांच्या पत्नी, सुरुवातीला बोटीचं नाव निघालं की उठून आत जायच्या. एप्रिलमध्ये एक दिवस एकट्याच बसनं खापरखेड्याला आल्या. शेडभर फिरल्या. शिडं पसरलेली होती, त्यांची शिवण बोटांनी ओढून पाहिली.

“हे एका वादळात उसवंन, भाऊजी. कोणं शिवलं?”

“जुनीच आहे शिवण, वहिनी.”

“बांधून द्या मले. घरी नेतो.”

रिक्षात घालून शिडं धरमपेठेत गेली. तीन पदरी कापडात सुई शिरेना, मशीनच्या किती सुया मोडल्या कोण जाणे, पण त्या बाईनं प्रत्येक जोडावर तिसरी शिवण घातली, कोपऱ्यांना चामडं लावलं. मी एकदा म्हटलं, वहिनी, तुम्हाला तर हे पसंत नव्हतं. तर म्हणाल्या, “पसंत काहून असन? पण जातील तर नीट जावं. डोळे आहेत तवर जावं. मंग जन्मभर मह्याकडे तोंड करून बसतील, ‘राहून गेलं’ म्हणत. ते मले झेपणार नाही.”

मे महिन्यात नागपूरचं ऊन काय असतं हे नागपूरकरांना सांगायला नको, आणि इतरांना सांगून समजत नाही. त्या पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी हत्यार हातात धरवत नसे. बोट सुकत गेली. मेस्त्री म्हणाले होते तसंच झालं: फळ्या आकसल्या, फटी उघडल्या. एक दिवस वसंतराव आत शिरले आणि सगळीकडून उन्हाच्या रेघा अंगावर पडलेल्या पाहून घाबरे झाले. फटीत रुपयाचं नाणं उभं शिरत होतं.

“पुंडलिक, हे तर चाळणी झाली गा!”

त्या क्षणी मी त्यांना सांगायला हवं होतं की हे व्हायचंच आहे, मेस्त्री बोलले आहेत, हात लावायचा नाही. एवढं एक वाक्य. पण दारात कॉलनीचे चारजण उभे होते आणि ते त्या फटींकडे बघत होते. एकाच्या हातात चहाची बशी होती.

“मी आहे ना,” मी म्हणालो.

पुढचे सहा आठवडे मी जे काम केलं तसं मी आयुष्यात केलं नाही. सागवानाला तर आम्ही विदर्भातली माणसं घरचंच मानतो. उत्तम जुनं सागवान आणलं, त्याच्या निमुळत्या पट्ट्या रंध्यानं काढल्या, दोन डब्यांतली मिसळून कडक होणारी राळ लावली आणि प्रत्येक फटीत पट्टी ठोकून ठोकून बसवली. वरून घासलं. आतून-बाहेरून तीन हात रंग दिला. शेवटी फट कुठे होती ते मलाही सापडेना. मग बोटीत बादल्या ओतून तळ भरला आणि आम्ही सगळे खाली वाकून बसलो. तासभर. एक थेंब पडला नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वसंतरावांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि तो बराच वेळ काढला नाही.

ऑगस्टच्या ओल्या हवेत एका संध्याकाळी बोटीतून ‘कट्’ असा आवाज आला. मी वर पाहिलं आणि म्हटलं, पत्रा असेल.

रस्त्यावर

नोव्हेंबरात निघालो. ट्रक कामठीच्या रहीमभाईंचा. बोट मधे, शिडकाठी तिच्या शेजारी बांधलेली, आम्ही तिघे पुढे. निघताना वहिनींनी वसंतरावांच्या हातात डोळ्यांच्या औषधाच्या बाटल्या दिल्या, दिवसातून कितीदा घालायचं ते मला दोनदा सांगितलं. रडल्या नाहीत.

सहा दिवसांचा प्रवास आणि प्रत्येक गावात तीच गंमत. ट्रक थांबला की माणसं गोळा व्हायची. एका जकात नाक्यावर कारकुनानं जाडं पुस्तक काढलं आणि बोट कुठल्या रकान्यात घालायची ते शोधत बसला. वाहन म्हणावं तर चाकं नाहीत. फर्निचर म्हणावं तर घरात मावत नाही. शेवटी त्यानं ‘जुने लाकडी सामान’ असं लिहिलं. वसंतरावांचं तोंड उतरलं. त्यांना ते मनापासून लागलं होतं.

मेहकरच्या अलीकडे पाणी प्यायला थांबलो तर शेतातून एक म्हातारी आली. बोटीवरून हात फिरवला, पोटाला थापटून पाहिलं, अगदी विकत घ्यायची गाय पारखावी तसं.

“पुरासाठी नेऊन राहिले का बाप्पा?”

“नाही माय. समुद्रात.”

“किती माणसं बसतात?”

“आमी दोघं.”

“दोघंच? एवढ्या मोठ्या बोटीत दोघंच?” ती भडकली. “आन बाकीच्याईनं काय करावं?”

वसंतराव पुढचे दहा मैल हसत होते. मला मात्र रस्ताभर एकच चिंता, सांधे. प्रत्येक थांब्यावर उतरून मी बोटीच्या पोटावरून हात फिरवायचो. घाटावरचे खड्डे, आंबा घाटाची वळणं, रहीमभाईंचे ब्रेक, कशानं रंगावर रेघ उमटली नव्हती. “कहीं बाल बराबर दरार नहीं, मिस्त्री,” रहीमभाई म्हणाले. मला ते फार आवडलं.

खाडीकाठी

गावात पोचलो तर महादेव मेस्त्री नव्हते, हर्णैला कामाला गेलेले, परवा येतील असं कळलं. पौर्णिमेचं उधाण दुसऱ्या दिवशी होतं. ते चुकलं तर बोट पाण्यात ढकलायला पंधरा दिवस थांबावं लागणार. वसंतरावांना एकेक दिवस मोजून वापरायचा होता. आम्ही थांबलो नाही.

मेस्त्रींच्या घरीच उतरलो होतो. त्यांच्या पत्नीनं ताटात भाताचा डोंगर घातला, वर माशाची आमटी. मी पोळीचा माणूस. दोन्ही वेळा भात, सकाळी पुन्हा भाताची पेज. तिखट म्हणून जे होतं त्यानं माझ्या डोळ्यांत पाणी येणं सोडाच, जीभही हलली नाही. तिसऱ्या जेवणाला मी कच्चा कांदा आणि हिरव्या मिरच्या मागितल्या. त्या माउलीनं मिरच्या आणून दिल्या आणि मी त्या चावून खाताना दाराआडून सुनेला बोलावून दाखवलं. आमच्याकडे पाहुण्याला चार घरचे लोक बळजबरीनं जेवायला नेतील, मोठ्यानं बोलतील, भांडतील. इथे माणूस प्रश्न ऐकतो, खाडीकडे बघतो आणि बऱ्याच वेळानं एका शब्दात उत्तर देतो. मला वाटायचं, ही माणसं शिष्ट आहेत. खरं तर त्यांना घाई नव्हती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी उधाणाला बोट पाण्यात गेली. नारळ फुटला. तीस-चाळीस माणसांनी चरबी लावलेल्या ओंडक्यांवरून ती रेटली आणि एका क्षणी तिचं वजन सगळ्यांच्या हातांतून निघून गेलं. तरंगली. वसंतराव छातीएवढ्या पाण्यात उभे होते, चष्मा भिजलेला. मी आत उडी मारली, तळाची फळी उचलली आणि हात घातला. कोरडं.

“एक थेंब नाही!” मी ओरडलो.

किनाऱ्यावरचे कोळी एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, थक्क झालेत.

मेस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. होडीतून थेट बोटीवर चढले, वसंतरावांना नमस्कार केला आणि विचारलं, “पाणी किती घेतलंन?”

“अजिबात नाही,” मी म्हणालो.

त्यांनी तळाची फळी उचलली. हात घातला. मग बाहेर वाकून बाजूच्या फळ्यांवरून पंजा फिरवला, एकदा, दोनदा, आंधळा माणूस चेहरा चाचपतो तसा.

“फटी कुठं गेल्या?”

त्यांनी उचललेली फळी मी परत जागेवर बसवू लागलो.

“मी सांगितलेलं की तुमाला. बुजवू नका म्हणून. इथंच, वाकून दाखवलेलं.”

वसंतरावांनी माझ्याकडे पाहिलं. मेस्त्रींनी मग त्यांना समजावून सांगितलं, एरवी दिवसभरात बोलत नसतील एवढं. लाकूड पाणी पिणार. पिऊन फुगणार. फुगायला जागा म्हणून फट असते. ती दगडासारखी भरली तर फळ्या एकमेकींना रेटणार. रेटून जाणार कुठे? आतल्या फासळ्यांना त्या खिळलेल्या; फासळ्या मोडणार. ऐकताना मला आमच्या क्वार्टरचं मोरीचं दार आठवत होतं. दर पावसाळ्यात ते फुगतं, लाथ मारून उघडावं लागतं. मला हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू?

“ओढून वर घ्या आत्ता,” वसंतराव म्हणाले.

“उधाण उतरलं. आता वर घ्यायला पंधरा दिवस. ओहोटीला चिखलात कलंडवू, करवतीनं फटी उघडू. जमंल तेवढ्या.”

दिवसातून सहा तास बोट चिखलात एका कुशीवर पडायची. तेवढ्या वेळात मी आणि मेस्त्री गुडघाभर चिखलात बसून करवतीचं पातं त्या पट्ट्यांत घालायचो. माझं काम होतं ते. सहा आठवडे जीव ओतून केलेलं. पातं त्यात शिरत नव्हतं. राळेनं लाकडाचा दगड झाला होता. चार बोटं फट उघडायला तास लागायचा आणि मग भरती यायची. वसंतराव वरच्या बाजूला उभे राहून आम्हाला पाती बदलून द्यायचे. त्यांच्या डोळ्यांत औषध घालायची वेळ झाली की मी चिखलाचे हात धुऊन जायचो, ते मान वर करायचे, मी थेंब टाकायचो, आणि परत कामाला.

तिसऱ्या दिवशी आतल्या कपाटाची दारं उघडेनात. चौथ्या दिवशी भरतीच्या पाण्यात बोट उभी असताना पहिली फासळी गेली. आम्ही आतच होतो. तुराटी मोडावी तसा आवाज, फक्त दसपट मोठा. मग दुसरी. मग थांबून तीन एकदम. वसंतराव जिन्याच्या पायरीवर बसून ऐकत राहिले. दुपारपर्यंत एका अंगाच्या अकरा फासळ्या मोडल्या, तळाजवळची फळी जागेवरून उचलली गेली आणि पाणी आत आलं. आता येऊ दे किती यायचं ते. आम्ही होकायंत्र, नकाशे आणि शिडं होडीत घातली.

मेस्त्रींनी ओहोटीला सगळं पाहिलं. “पाच महिने लागतील. पुढच्या वर्साला न्या.”

“पुढच्या वर्षी मले होकायंत्राचा काटा दिसन का, मेस्त्री?” वसंतराव म्हणाले. त्यांनी ते सहज विचारावं तसं विचारलं. मेस्त्री खाडीकडे बघत राहिले.

परत

बोट तिथेच सोडली. एस.टी.नं कोल्हापूर, तिथून रेल्वे. पहिला सगळा दिवस मी जेवणाचं विचारलं की वसंतराव नुसती मान हलवायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी भुसावळ मागे पडलं, खिडकीतून कपाशीची शेतं दिसायला लागली, मोकळी, ओळखीची. डब्यात दोघंच होतो.

“पुंडलिक, एक विचारू?”

“विचारा ना.”

“मेस्त्रीनं तुले सांगतलं होतं. तरी तू भरल्या फटी. मलेही नाही सांगतलं.”

“हो.”

“तू येडा तर नाहीस. बावीस वर्षांत तुहा एक सांधा गळला नाही, साऱ्या खापरखेड्याले माहीत आहे. मी दोन दिवस हेच इचार करून राहिलो. असा कारागीर, त्याले सांगूनही तो असं करते, तर काहून करते?”

मी पायाशी ठेवलेली हत्यारांची पेटी बाकाखाली सरकवली.

“खरं सांग. हिनं सांगतलं होतं का तुले? बोट जाऊ देऊ नका म्हणून?”

वाचकहो, या प्रश्नाचं उत्तर फार सोपं होतं. नाही वसंतराव, वहिनींनी काही सांगितलं नाही. मेस्त्रींचं ऐकायला मला कमीपणा वाटला. चारजणांसमोर फट दिसली ते मला सहन झालं नाही. मला वाफेचं कळतं, लाकडाचं कळत नाही, आणि हे कबूल न केल्यानं तुमचा समुद्र गेला. एवढंच बोलायचं होतं. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या नजरेत अजूनही मी बावीस वर्षांत एक सांधा न गळलेला तो फिटर होतो. लबाड असेल, दगाबाज असेल, पण कारागीर. ते एवढं जाऊ द्यायला मी तयार नव्हतो.

“हो,” मी म्हणालो. “वहिनींनी सांगतलं होतं.”

मला वाटलं, आता चिडतील, कॉलर धरतील. तसं काही झालं नाही. त्यांनी दोनदा मान हलवली, जणू एक हिशोब लागला.

“मंग ठीक आहे,” ते म्हणाले. “मले वाटलं, तुले काम आलं नाही.”

नंतर नागपूरपर्यंत ते खिडकीकडे तोंड करून बसले.

तार केली होती म्हणून वहिनी स्टेशनवर आल्या होत्या. धावतच डब्यापाशी आल्या, त्यांना सुखरूप पाहून चेहऱ्यावर आनंद आणि वाईट वाटणं दोन्ही एकदम. “जाऊ द्या,” त्या म्हणत होत्या, “पुढच्या वर्षी जाजा, मी डाक्टरले विचारलं आहे...” वसंतरावांनी पिशवी त्यांच्या हातात दिली.

“झालं तुह्या मनासारखं,” ते म्हणाले आणि पुढे चालू लागले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. मी वाकून हत्यारांच्या पेटीची कडी लावत बसलो. ती लागलेलीच होती.

वसंतराव आणखी नऊ वर्षं जगले, त्यातली शेवटची पाच अंधारात. माझ्याशी ते पुन्हा बोलले नाहीत. याचं मला दुःख आहे, पण ते माझं मी ओढवून घेतलेलं. वहिनींचं तसं नव्हतं. त्या माणसाला त्यांनी नऊ वर्षं हाताला धरून फिरवलं, भरवलं, डोळ्यांत थेंब घातले, आणि तो त्यांच्याशी पाणी दे, काठी दे, यापलीकडे बोलला नाही. वसंतरावांच्या तेराव्याला मी गेलो होतो. वहिनींनी मला बाजूला घेतलं.

“भाऊजी, एक विचारायचं होतं. हे मले सारखे म्हणायचे, झालं तुह्या मनासारखं. शेवटच्या दिवशीही म्हटलं. मह्या मनासारखं काय झालं, तुमाले काही माहीत आहे का?”

मी म्हणालो, नाही, मला काही माहीत नाही.

हे मासिक धरमपेठेच्या त्या घरी येतं. वहिनींना आता बारीक अक्षर दिसत नाही, शेजारची कोणी मुलगी वाचून दाखवते असं ऐकलं. तिला विनंती आहे की पुढच्या दोन ओळी जरा मोठ्यानं वाचाव्यात.

वहिनी, तुम्ही मला काहीही सांगितलं नव्हतं. मला काम आलं नाही.